टाके वरचे आणि आतले

सदर : आरोग्याच्या गप्पा



बाळंतिणीला भेटायला गेलं की आपले प्रश्न ठरलेले असतात. बाळ कुणासारखं दिसतं, वजन किती भरलं, दूध पुरतं ना, आणि सिझेरियन झालं असेल तर जरा आवाज खाली आणून, "टाके कसे आहेत गं?" तीही सांगते, "सुकले आता, फारसे दुखत नाहीत." तेवढ्यात चहा येतो आणि विषय संपतो. हे टाके म्हणजे अर्थात पोटावरचे. पिशवीवर घातलेल्या टाक्यांची चौकशी कुणी करत नाही, कारण ते कुणाला दिसत नाहीत. बऱ्याच जणींना तर आत वेगळे टाके असतात याची कल्पनाही नसते. या अंकात त्या आतल्या टाक्यांविषयी बोलू या. ते कसे भरून येतात, कधी नीट का भरत नाहीत, आणि आपल्यासारख्या एक बाळंतपण इकडे नि एक तिकडे करणाऱ्या कुटुंबांनी त्याबाबतीत काय सांभाळावं, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी थोडी उजळणी. सिझेरियनमध्ये पोटाचे एकेक थर उघडत डॉक्टर पिशवीपर्यंत पोचतात, तिच्या खालच्या पातळ भागावर आडवा छेद घेतात, बाळ आणि मग वार बाहेर काढतात आणि पिशवी शिवतात. आज हे अगदी नेहमीचं वाटतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पिशवी शिवण्याची पद्धत रूढ नव्हती. तिला टाके घालू नयेत अशीच समजूत होती आणि रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने कितीतरी बाया दगावत. १८८२ साली माक्स झेंगर या जर्मन डॉक्टरांनी पिशवी व्यवस्थित शिवलीच पाहिजे असा आग्रह धरला आणि तिथून चित्र पालटू लागलं. पिशवीला घातलेल्या टाक्याची किंमत खरं तर आपल्या लोकांना वेगळी सांगायला नको. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली पिशवीच्या तोंडाला घालायच्या टाक्याचं वर्णन केलं, आणि तो ‘शिरोडकर टाका’ म्हणून जगभरच्या पुस्तकांत गेला. तो टाका गर्भ टिकवण्यासाठी पिशवीच्या तोंडाला घालतात, आणि आज आपण बोलतो आहोत ते टाके बाळ बाहेर आल्यावर पिशवीच्या भिंतीला घालतात, एवढा फरक.

भिंतीतला कोनाडा

पिशवीची भिंत म्हणजे जाड स्नायू. छेदाच्या दोन्ही कडा जुळल्या की तिथे व्रण तयार होतो. पुष्कळ जणींत तो छान भरून येतो. काही जणींत मात्र आतल्या बाजूने त्या जागी खाच राहते आणि तेवढ्या भागात भिंत पातळ होते. डॉक्टर मंडळी तिला ‘निश’ किंवा ‘इस्थमोसील’ म्हणतात. ‘निश’ म्हणजे सरळ आपला कोनाडा! जुन्या वाड्यात भिंतीत दिवा ठेवायला असायचा ना, तसाच. आजोळच्या घरातला कोनाडा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे सोनोग्राफीत डॉक्टर काय शोधतात ते लगेच कळेल. २०१९ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी एकमताने ठरवलं की अशी खाच निदान २ मिलिमीटर खोल असेल तरच तिला कोनाडा म्हणायचं.

हे किती जणींत आढळतं? ऐकून दचकू नका. फिनलंडमधल्या एका अभ्यासात (तो २०१८ साली प्रसिद्ध झाला) ३७१ जणींची सिझेरियननंतर साधारण सहा महिन्यांनी पिशवीत सलाइन सोडून सोनोग्राफी केली. त्यांतल्या ४५.६ टक्के जणींना, म्हणजे जवळजवळ निम्म्यांना, खाच होती. पण खाच असणं आणि तिचा त्रास असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक जणींना ती आहे हे आयुष्यभर कळतही नाही आणि त्यांचं काही अडतही नाही. म्हणून केवळ रिपोर्टात ‘निश’ हा शब्द दिसला म्हणून रात्रीची झोप उडवून घेऊ नका.

ज्यांना त्रास होतो त्यांची तक्रार बहुधा एकच असते. पाळी पाच दिवसांत संपते, आणि पुढे तीन-चार किंवा आठ-आठ दिवस थोडं थोडं तपकिरी जात राहतं. पाळीतलं रक्त त्या कोनाड्यात साठतं आणि मग सावकाश झिरपत राहतं, असं त्याचं साधं कारण आहे. कुणाला पाळीत जास्त दुखतं, कुणाला ओटीपोटात एरवीही दुखतं, आणि कुणाला पहिलं मूल सहज झालेलं असून दुसऱ्यांदा दिवसच राहत नाहीत.

आपल्या घरांत ही तक्रार बोलली जात नाही, हे मला नेहमी जाणवतं. "बाळंतपणानंतर असं व्हायचंच," असं कुणीतरी वडीलधारं सांगतं. घरात सत्यनारायण आहे, हळदीकुंकू आहे, गणपती आहेत आणि हिचं अजून संपलेलं नाही. मग ती गोळ्या घेऊन पाळीच पुढे ढकलते, पण डॉक्टरकडे जात नाही. वर्षं निघून जातात. आपल्या आयांच्या पिढीला तर कुणी हे सांगणंही शक्य नव्हतं. काढलेल्या पिशव्यांमधले सिझेरियनचे व्रण तपासून, बायकांच्या तक्रारींचं मूळ या व्रणातच असू शकतं, असं मॉरिस या डॉक्टरांनी मांडलं ते १९९५ साली. आणि खाच व तिच्यामुळे होणारा त्रास मिळून आजार कशाला म्हणावं, याची व्याख्या तज्ज्ञांनी एकत्र बसून केली ती २०२३ मध्ये.

एक सावधगिरी मात्र हवी. मधेच डाग जाण्याची इतरही पुष्कळ कारणं असतात. तांबी, गोळ्या, थायरॉइड, पिशवीतला मस, जंतुसंसर्ग आणि क्वचित कॅन्सरही. तेव्हा हा लेख वाचून घरीच निदान करायचं नाही. पाळी कायमची बंद झाल्यावर किंवा गरोदरपणात रक्त गेलं, तर थांबायचंच नाही, लगेच दाखवायचं.

असं कशामुळे होतं?

सगळ्यांत ठळक कारण म्हणजे सिझेरियनची संख्या. त्याच जागी पुन्हा पुन्हा कापलं आणि शिवलं की व्रण कमजोर होण्याची शक्यता वाढते. फिनलंडच्या त्या अभ्यासात आधी सिझेरियन झालेल्यांत धोका सुमारे तिप्पट दिसला.

दुसरं कारण म्हणजे सिझेरियन कोणत्या टप्प्यावर झालं. कळा बराच वेळ चालून पिशवीचं तोंड बरंच उघडलेलं असेल, तर खालचा भाग ताणून अगदी पातळ झालेला असतो. मग छेद तोंडाच्या फार जवळ पडू शकतो, आणि त्या जागेचा व्रण तितकासा चांगला भरत नाही. पिशवी मागे कललेली असणं हेही एक कारण मानतात. यांतलं काहीच आपल्या हातातलं नाही.

तिसरं कारण आपल्याला जवळचं आहे, म्हणून जरा थांबून वाचा. गरोदरपणातला मधुमेह आणि वाढलेलं वजन या दोन्ही गोष्टी त्याच अभ्यासात स्वतंत्र धोके म्हणून पुढे आल्या. दक्षिण आशियाई बायकांत गरोदरपणातला मधुमेह जास्त आढळतो, हे ठाऊक असलेलं सत्य आहे. त्यात आपलं इथलं राहणं बघा. मे ते सप्टेंबर बाहेर पाय ठेवता येत नाही, दारातून लिफ्ट, लिफ्टमधून गाडी, गाडीतून मॉल. जवळ आई नाही, सासू नाही. व्हिसा मिळून त्या आल्या की आठ महिन्यांची माया दोन महिन्यांत खाऊ घालतात. डिंकाच्या लाडवांशी माझं वैर नाही. पण साखर तपासून घ्यावी, आणि निदान मॉलमध्ये तरी अर्धा तास चालावं.

चौथा मुद्दा शिवणीचा. हा प्रश्न हमखास येतो, "डॉक्टरांनी एकाच थरात शिवलं, म्हणून असं झालं का?" याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. नेदरलंड्समधल्या ३२ हॉस्पिटलांत २,२९२ बायकांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २०२१) एका थरात आणि दोन थरांत शिवण्याची तुलना केली, तेव्हा नऊ महिन्यांनी डाग जाण्यात फरक दिसला नाही. भारतासह सात देशांतल्या पंधरा हजारांहून जास्त बायकांच्या ‘कोरोनिस’ चाचणीतही तीन वर्षांनंतर थरांच्या संख्येने फरक पडलेला आढळला नाही. टाका कसा घेतला, फार आवळला का, कडा नीट जुळल्या का, अशा गोष्टींचा विचार अजून चालू आहे. तेव्हा एका ओळीवरून कुणा डॉक्टरला दोषी ठरवू नये.

आणि ज्या गोष्टींनी हे होत नाही त्याही सांगून टाकते. भात खाल्ल्याने होत नाही. जिना चढल्याने होत नाही. "पोट बांधलं नाहीस म्हणून झालं," हे ऐकवणाऱ्यांना नम्रपणे चहा द्यावा. बाळंतिणीने काही चुकीचं केलं म्हणून व्रण असा भरला, असं समजू नये आणि तिला तसं म्हणूही नये.

पुढच्या वेळी

त्रास नसला तरी हा व्रण लक्षात ठेवायचा तो दुसऱ्या बाळंतपणासाठी. पहिली गोष्ट, सिझेरियननंतर पुन्हा दिवस राहिले की सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून गर्भ नेमका कुठे रुजला आहे ते पाहून घ्यावं. क्वचित, साधारण दोन हजारांत एखाद्या वेळी, तो जुन्या व्रणातच रुजतो. ते लवकर कळलं तर उपाय सोपे असतात, उशीर झाला तर जिवावर बेतू शकतं.

दुसरी गोष्ट वारेची. वार खाली, पिशवीच्या तोंडावर आली असेल आणि आधी सिझेरियन झालेलं असेल, तर ती जुन्या व्रणात घट्ट रुतून बसू शकते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, वार अशी खाली असलेल्या बायकांत आधी एक सिझेरियन असताना हे ११ टक्के आढळलं, आधी दोन असताना ४० टक्के. हे आकडे फक्त वार खाली असणाऱ्यांचे आहेत, सगळ्यांचे नाहीत. पण तिसऱ्या सिझेरियनचा विचार करताना ते माहीत असलेले बरे.

तिसरी गोष्ट, "एकदा सिझर म्हणजे पुढेही सिझरच" हे वाक्य आता सरसकट खरं नाही. खालच्या भागावरचा एकच आडवा छेद असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर योग्य हॉस्पिटलात प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या ७२ ते ७५ जणींचं बाळंतपण नैसर्गिक होतं. जुना व्रण फाटण्याचा धोका दोनशेत एक एवढा असतो. तो लहान आहे, पण फाटला तर मिनिटांचा खेळ असतो, म्हणून हा प्रयत्न जिथे ऑपरेशन थिएटर आणि रक्त तयार असेल तिथेच करावा. दोन बाळंतपणांत अंतरही हवं. जागतिक आरोग्य संघटना एका बाळंतपणानंतर निदान २४ महिन्यांनी पुढच्याचा विचार करा असं सांगते.

आता सिझेरियनच्या वाढत्या संख्येबद्दल दोन शब्द. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली होती, २०१९-२१ मध्ये ती २५.४ टक्के झाली. दर चौथी आई! सिझेरियनने असंख्य माय-लेकरं वाचली आहेत, आणि गरज असताना नाही म्हणणं हा शुद्ध वेडेपणा ठरेल. पण पत्रिका पाहून मुहूर्त काढायचा, परतीचं तिकीट बुक आहे म्हणून तारीख ठरवायची, किंवा यजमानांची सुट्टी संपते म्हणून घाई करायची, ही कारणं त्या व्रणाला समजत नाहीत. पहिलं सिझेरियन टळलं, तर या लेखातलं जवळजवळ सगळंच टळतं.

कागद कुठे आहे?

आता आपल्या मुद्द्यावर येते. आपल्यापैकी कुणाचं पहिलं बाळंतपण माहेरी, सांगलीला किंवा नाशिकला, ओळखीच्या नर्सिंग होममध्ये झालेलं असतं. दुसरं दुबईच्या लतीफा हॉस्पिटलात (जुनी मंडळी अजून ‘अल वस्ल’च म्हणतात), अबू धाबीच्या कॉर्निशमध्ये किंवा एखाद्या खाजगी हॉस्पिटलात. तिसऱ्या वेळेपर्यंत काही जणी टोरांटोलाही पोचलेल्या असतात. इथल्या डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "आधीचा छेद कसा होता?" आणि आपण पोटावरची रेघ दाखवतो! पोटावर आडवी रेघ असली तरी आत पिशवीवर उभा छेद घेतलेला असू शकतो. बाळ फार कमी दिवसांचं असेल, आडवं असेल, तर कधी कधी तसा घ्यावा लागतो. पिशवीच्या वरच्या भागावर असा उभा छेद असेल, तर पुढच्या वेळी कळा येऊ देणं धोक्याचं असतं. म्हणजे नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करायचा की नाही, आणि सिझेरियनची तारीख कोणती घ्यायची, हे दोन्ही निर्णय त्या न दिसणाऱ्या रेघेवर अवलंबून असतात.

डिस्चार्ज कार्डावर बहुधा ‘एल. एस. सी. एस.’ एवढी चार अक्षरं असतात. पिशवीच्या खालच्या भागावरचं सिझेरियन, एवढाच त्यांचा अर्थ. ती पुरेशी नाहीत. हवी असते ती ऑपरेशनची टिपण, ‘ऑपरेशन नोट’. ती मागून घ्या आणि तीत एवढं आहे ना ते पाहा :

१. सिझेरियन कशासाठी केलं, कळा किती वेळ चालल्या होत्या, तोंड किती उघडलं होतं.

२. पिशवीवरचा छेद आडवा की उभा, आणि तो ऐन वेळी वाढवावा लागला का.

३. पिशवी किती थरांत शिवली.

४. वार कुठे होती, रक्त किती गेलं, रक्त द्यावं लागलं का.

५. नंतर ताप, जखम चिघळणं असं काही झालं का.

हे आत्ताच का, तर भारतात डॉक्टरांच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे दाखल झालेल्या पेशंटचे कागद तीन वर्षं जपणं बंधनकारक आहे, आणि पेशंटने मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. तीन वर्षांनी गेलात आणि "रद्दीत गेले हो ताई" असं उत्तर मिळालं, तर भांडून उपयोग नाही. इथे अमिरातीत २०१९ च्या कायद्याने आरोग्याची माहिती निदान २५ वर्षं ठेवावी लागते. अबू धाबीत ‘मलफ्फी’, दुबईत ‘नाबिद’ अशा यंत्रणांमुळे एका हॉस्पिटलातली नोंद दुसऱ्याला दिसण्याची सोयही झाली आहे. ‘मलफ्फी’ या अरबी शब्दाचा अर्थच ‘माझी फाइल’. पण सांगलीच्या नर्सिंग होममधला कागद त्या फाइलमध्ये आपोआप येऊन बसणार नाही. तो आपणच आणायचा असतो.

तेव्हा पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा भाकरवडी आणि पुरणाच्या यादीत हेही लिहा. कागदाचा स्वच्छ फोटो काढून दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. कागद मिळालाच नाही, तर आईला, मावशीला विचारून आठवेल तितकं लिहून काढा : बाळ किती आठवड्यांचं होतं, आडवं होतं की पायाळू, घाईने नेलं की आधी ठरलं होतं. अनुभवी डॉक्टर त्यावरूनही पुष्कळ अंदाज बांधतात.

उपचार

त्रास नसेल तर उपचारही नको. त्रास असेल आणि इतक्यात मूल नको असेल, तर पहिला उपाय गोळ्यांचा किंवा हार्मोन असलेल्या तांबीचा. बऱ्याच जणींचं तेवढ्यावर भागतं. ते सोसत नसेल तर दुर्बिणीने खाचेची कड समतल करतात, म्हणजे रक्त साठून राहत नाही. नेदरलंड्समधल्या १०३ बायकांच्या चाचणीत (२०१८) यामुळे डाग जाण्याचे दिवस आठवरून चारवर आले. मात्र खाचेपाशी स्नायूची जाडी ३ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर आतून कापणं धोक्याचं. तिथे, विशेषतः पुढे मूल हवं असेल तर, पोटातून दुर्बिणीने ती जागा काढून पुन्हा शिवण्याचा विचार करतात. "पिशवीच काढून टाकू या, कटकट नको," असं कुणी पहिल्याच भेटीत सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

यजमानांसाठी एक विनंती. बायकोच्या विम्याचं कार्ड आणि पासपोर्टच्या प्रती तुमच्या फोनमध्ये असतात, तिथेच तिच्या ऑपरेशनची टिपणही ठेवा. ऐन वेळी ती कळांत असते आणि प्रश्न तुम्हाला विचारले जातात.

तुमच्या शंका नेहमीप्रमाणे संपादकांकडे पाठवा, नाव छापलं जाणार नाही.